पाचव्या टाक्याला एक जास्त

धरणगावच्या शाळेत हसीब सर गणित शिकवत, मी मराठी. निवृत्तीनंतरही दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. त्यांनी लग्न केलं नाही. घरात ते, एक पलंग, एक टेबल आणि वह्या. सगळ्या वह्यांत विषय एकच, वेगांचा नकाशा.

"धावत्या एसटीत चेंडू पुढे फेकला तर आपण दोन्ही वेगांची बेरीज करतो," ते सांगत. "पण वेग फार मोठे झाले की बेरीज कमी भरते. प्रकाशाला कोणी गाठत नाही. आता सगळ्या वेगांचा नकाशा काढा. मधोमध थांबलेला माणूस, कडेला प्रकाश. हा नकाशा सपाट कागदावर खरा उतरतच नाही. पावलं सगळीकडे सारखी, पण कागदावर कडेची बारीक दिसतात. आणि कितीही चाला, कड येत नाही."

मी मान हलवायचो. तीस वर्षं हलवली. आपल्याला दिसतं ते एका तरी माणसाला दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि मला ते दिसत नव्हतं.

गेल्या वर्षी एका रविवारी शेजारच्या अकबरी आपा भाजीचा डबा द्यायला आल्या. त्या क्रोशाच्या टोप्या विणायच्या. टेबलावर सरांनी काढलेलं त्या नकाशाचं चित्र होतं, कडेकडे बारीक होत गेलेल्या त्रिकोणांचं. त्या वाकून अहिराणीत म्हणाल्या, "मास्तर, हाई ते बिघडेल टोपी शे!"

"आपा, आयुष्य घातलंय मी त्यात."

"मग आयुष्यभर टाके चुकले तुमचे."

टोपीचा माथा सपाट बसावा म्हणून दर फेरीला ठरावीकच टाके वाढवतात. नवख्या मुली प्रत्येक पाचव्या टाक्याला एक वाढवत राहतात आणि कडेला झालर येते. आपांनी तिथेच बसून ती चूक मुद्दाम करून दाखवली. तळहाताएवढी वीण कोबीच्या पानासारखी मुरडली.

"तुम्ही चित्रात हिला दाबून बसवलीय. हात लावून बघा, टाके सगळे सारखेच."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. मग हळूच म्हणाले, "वेगाला आणखी एक, तिसरी दिशा असते, आपा. ती सुईत मावायची नाही."

"मावेल तेवढं विणते."

त्या विणत राहिल्या. फेऱ्या लांबत गेल्या, शेवटच्या फेरीला आठवडा लागला. मग गुडघे गेले आणि त्यांच्या मुलीने त्यांना शिंदखेड्याला नेलं. "सुई काढू नका, उसवेल," एवढं सांगून गेल्या. आता फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही.

ती वीण सरांच्या टेबलावर आहे, सुई अडकवलेली. परवा त्यांनी मला पुन्हा सगळं समजावलं, झालरीवर बोट फिरवत.

"समजलं," नेहमीसारखी मान हलवत मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. मग वीण जपून बाजूला सरकवली आणि विचारलं, "चहा घेणार ना?"