तापातली दुप्पट गोळी

नऊ सप्टेंबर, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. धारवाडच्या वसतिगृहात मावशीच्या यजमानांचा, काकांचा फोन आला. "मावशी गेली गे तुझी... जीप रामनगरच्या दवाखान्यापत्तूर पोचलीच न्हाई." मी विचारलेला पहिला प्रश्न नातेवाइकांना अजून खटकतो : "गोळ्या घेत होती ना?" मग काका म्हणाले, "ताप होता की तिला. काढा चालू असताना गोळी कशी देणार?"

तीन वर्षांपूर्वी मावशीच्या मेंदूतली गाठ काढली होती. गाठ साधी होती, पण तिच्यामुळे हायपोथॅलॅमस हा भाग निकामी झाला. संप्रेरकांची साखळी तिथून सुरू होते : तो पीयूषिका ग्रंथीला आदेश देतो, ती मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना. वरचा आदेशच थांबल्यामुळे आजारपणात शरीर सावरणारे कॉर्टिसॉल तिच्यात तयार होईना. ते गोळीतून घ्यायचे, रोज, जन्मभर. आणि ताप आला की दुप्पट. कुंभारवाडा या तिच्या गावी, घराच्या अंगणात मी हे समजावले, तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. "म्हंजे गणेशगुडीच्या धरणागत. वरनं हुकूम आल्याबिगर दार उघडत न्हाई."

"आणि ताप आला तर?"

"दोन गोळ्या! किती येळा घोकून घेशील गे मास्तरीणबाई? लगीन कर, मग नवऱ्याला शिकीव."

तिला सगळे पाठ होते, म्हणूनच माझी चिडचिड शमत नाही. आमच्याकडे तापात वैद्याच्या मुळीचा काढा घेतात आणि तो संपेपर्यंत दुसरे औषध तोंडात घालत नाहीत. त्याला कुणी औषध बंद करणे म्हणत नाही, ते पथ्य. "तीच म्हणाली," काका सांगत होते, "काढा होऊ दे, मग दोन घेते." रुग्णालयाच्या कागदावर दुप्पट मात्रेची सूचना ठळक छापलेली होती. 'काढा घेत असतानाही' हे तीन शब्द मात्र डॉक्टरांना सुचले नाहीत, आणि जीवरसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्या मलाही नाहीत. काकांवर संतापावे, तर ते दोन दिवस तिच्या उशाशी बसून तो काढा पाजत होते...

मावशीच्या चुलीशेजारच्या फळीवर मी दिलेला डिजिटल तापमापक अजून आहे. बटण दाबले की तो आधी शेवटचे मोजमाप दाखवतो. काकांना तो वापरता येत नाही. म्हणजे ते तिनेच घेतलेले. काकांसाठी मी दुसरा, साधा पाऱ्याचा आणून ठेवला आहे, या तापमापकात नवा आकडा पडू नये म्हणून. परवा निघताना पुन्हा बटण दाबले... १०२.४.