आत्याचा रिकामा डबा

माझ्या आत्यानं आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, तर मी चांगलंच बोलतेय. बदलापूर गावात तिला तोंडावर सगळे आत्या म्हणायचे आणि माघारी नागीण. तिला दोन्ही ठाऊक होतं. "नागीण तर नागीण. निदान शेपटीवर कुणी पाय देत नाही," असं म्हणत ती शांतपणे चहा गाळायची.

तिच्या भांडणांना आवाज नसायचा. आमच्याकडे शेजारून काही आलं की ते भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आत्याचं कुणाशी बिनसलं की ती त्यांचं भांडं घासूनपुसून लखलखीत करायची आणि तसंच रिकामं पाठवायची. बास, एवढंच. समोरची बाई झाकण उघडून काय समजायचं ते समजायची. "तोंडानं भांडलं की चार दिवसांत मिटतं," आत्या म्हणायची, "रिकामं भांडं जन्मभर लक्षात राहतं." माझं लग्न मोडलं तेव्हा 'पोरीतच काहीतरी खोट असणार' म्हणत फिरलेल्या शेजारच्या काकूंना ऐन होळीला पुरणपोळीचा डबा असाच रिकामा गेला. मला सगळ्यांनी धीर दिला, पण माझ्या बाजूनं लढली ती एकटी आत्या.

तिचा सगळ्यात जुना राग माझ्या बाबांवर होता, म्हणजे सख्ख्या भावावर. त्यांचं घर वांगणीचं. पीक तयार झालं की भाऊ रानाच्या कडेला माळ्यावर राखणीला झोपायला जायचे. हिनं त्यांना भाकऱ्या बांधून द्यायच्या आणि अंधार पडायच्या आत घरी परत यायचं. एकदा तिनं मलाही राहायचंय म्हणून हट्ट धरला, तर आजोबा म्हणाले, मुलीच्या जातीनं रानात झोपू नये. "आणि तुझा बाप हसला," हे ती मला सत्तरीतही सांगायची. बाबांना दर भाऊबीजेला ओवाळायची, आवडीचं करून घालायची, पण ते हसणं काही विसरली नाही. रानात एक रात्र काढायची, ही एकच इच्छा तिची राहून गेली होती.

आता साहेबांकडे येते. आत्याच्या आणि माझ्या घरासमोरच्या नव्या इमारतीत राहणारे हे गृहस्थ अंबरनाथच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, पण हुद्दा काही उतरला नाही. त्यांनी निसर्गभ्रमणाचा ग्रुप काढला होता. दिवसाच्या सहलींना आत्या जायची आणि अख्ख्या ग्रुपसाठी दशम्या आणि लसणाची चटणी न्यायची. मग एकदा साहेबांनी मोठी सहल जाहीर केली. इंडोनेशियातलं एक बेट, मधोमध ज्वालामुखी, त्याच्या उतारावर जंगल आणि जंगलात तंबूत एक रात्र. पहिलं नाव आत्यानं दिलं. सवय व्हावी म्हणून ती गच्चीवर सतरंजी टाकून झोपायला लागली, रोज जिने चढायला लागली. आणि एका सकाळी साहेबांचा ग्रुपवर मेसेज आला: 'सिनिअर लोकांनी घरी आराम करावा. दशम्यांचं मात्र नेहमीप्रमाणे आत्यांनीच बघावं.' हे साहेब आत्याहून जेमतेम वर्षभरानं लहान!

मी चिडून फोन उचलला, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, तुझा पासपोर्ट आहे ना, चल. आम्ही उल्हासनगरला एका सिंधी एजंटाकडे गेलो. तिला तेच बेट, तोच कॅम्प आणि तोच दिवस हवा होता. तो बिचारा बीचवरच्या हॉटेलांचे फोटो दाखवत राहिला. शेवटी आत्यानं त्याला थांबवलं. "साईं, मेरेको हनीमून नहीं मंगता. तंबू मंगता."

साहेबांचा ग्रुप धापा टाकत कॅम्पवर पोचला, तेव्हा आत्या तंबूच्या दारात पाय पसरून बसली होती. साहेबांचं तोंड असं उतरलं की मला माझे सगळे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. आत्या मात्र हातातला काळा दगड उलटसुलट करून बघत होती. हा तर आपल्या डोंगराचाच दगड, म्हणाली, एवढ्या लांब येऊन माहेरचंच कुणीतरी भेटलं.

जेवणाच्या वेळी कळलं की कॅम्पवरच्या भातात मासळीचा मसाला आहे. साहेब कट्टर शाकाहारी. ते बिस्किटाचा पुडा घेऊन बाजूला बसले. मी आत्याच्या कानात म्हटलं, राहू दे उपाशी, चांगली खोड मोडेल. तिनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग डबा उघडून ती त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या हातावर दोन दशम्या ठेवल्या.

"जेवा साहेब. उपाशी माणसाशी मी भांडत नाही."

आत्या तंबूची चेन उघडी ठेवून पडली. बाहेर पानांवरून पाणी ठिबकत होतं, कुठलेसे किडे एका सुरात ओरडत होते. झोपत का नाहीस विचारलं, तर म्हणाली, "राखण करतेय." तेवढं एकच बोलली. मला रडू आलं आणि तिच्या सगळ्या भावांचा मनापासून राग आला.

पहाटे सगळे ज्वालामुखीच्या तोंडाकडे निघाले. अर्ध्या चढावर साहेबांचे गुडघे बोलायला लागले आणि ते दगडावर बसले. आत्या काठी टेकत त्यांच्यापाशी आली, क्षणभर थांबली. "बसा साहेब. सिनिअर लोकांनी आराम करावा," म्हणाली आणि वर चालू पडली. धूर ओकणारं ते तोंड तिनं पाहिलं. मी तिलाच पाहत होते.

वर्षभरात आत्या गेली. देवळाच्या मंडपात शोकसभा झाली, तिथं साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, आत्यांची रानात राहायची फार इच्छा होती, आमच्या ग्रुपनं त्यांना बेटावर नेलं आणि ती पुरी केली, हे आमचं भाग्य. लोकांनी माना डोलावल्या. बाबांनीसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर वाट बघून तिनं मिळवलेली एकच रात्र, तीही या माणसानं स्वतःच्या नावावर करून घेतली. पण मी तोंड उघडलं नाही. तोंडानं भांडलं की चार दिवसांत मिटतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून पिठलं-भाताचा डबा आला. तो आम्ही जेवलो. अन्नावर राग काढायचा नाही, हे तिनंच शिकवलेलं. डबा मात्र मी ठेवून घेतला. सुतकाच्या घरातून काही देत नाहीत, तेव्हा रिकामा गेला असता तर त्यांना ती सबब झाली असती. तेरावं होऊन गेलं, गोडाचं जेवण झालं, घरात लाडवांची परात भरलेली होती. मग मी डबा घासला. पुसला. पुन्हा घासला. आणि स्वतः नेऊन साहेबांच्या हातात दिला.

त्यांना तो हलका लागला असावा. त्यांनी झाकण उघडलं. आतल्या लखलखीत तळात त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं असणार.

"अगं, रिकामा डबा देतात का? चिमूटभर साखर तरी घालायची असते," ते म्हणाले.

"माहीत आहे, साहेब," मी म्हणाले.