रेश्मानं बसवलेला नाच

शिवणाच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या निदान उशीत भरता येतात. किश्श्यांचं काय करायचं? कुणी ब्लाउज शिवायला आलं की मापं घेता घेता एखादा सांगून टाकते, तेवढीच जागा मोकळी होते. पण त्या सिनेमाचे किस्से अजून संपलेले नाहीत.

सिनेमा हिप-हॉपचा होता. बारामतीत शिकणारी एक मुलगी, तिला कोरिओग्राफर व्हायचंय, वडिलांना ते मान्य नाही, शेवटी एक मोठा नाच, अशी गोष्ट. शूटिंग अर्धं बारामतीत आणि अर्धं आमच्या इंदापुरात. कंपनीला कपडे उसवायला-शिवायला जवळचं कुणीतरी हवं होतं आणि मार्केट यार्डाकडं जाताना पहिलं दुकान माझं लागतं. एवढ्याच कारणावर मी, शुभांगी, वय सत्तेचाळीस, सिनेमावाली झाले!

हिरॉइन अन्विता मुंबईची. तिची तयारी करून घ्यायला पळसदेवची रेश्मा ठेवली होती. चोविसेक वर्षांची, बारामतीत बी.एस्सी. केलेली, तिथंच एका हॉलमध्ये हिप-हॉपचा क्लास चालवणारी. म्हणजे पडद्यावर जिची गोष्ट सांगायची होती, तशीच खरी मुलगी, वडिलांच्या नकारासकट, सेटवर पाण्याची बाटली धरून कडेला उभी असायची. मोठे नाच बसवायला मुंबईहून मास्टरजी येणार होते. त्यांच्या तारखा मिळेपर्यंत रेश्मानं फक्त सराव घ्यायचा, असं ठरलेलं.

*

रेश्मा पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मी पायमशीनवर बसले होते. आत येईना. पायरीवरच उभी राहून काहीतरी ऐकत राहिली. मला वाटलं, फोनवर काहीतरी ऐकतेय.

मग म्हणाली, "ताई, डावा गुडघा दुखतोय का?"

मी चमकले. ते दुखणं मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. तिला विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, मशीननं. तीन ठोके सरळ पडतात, चौथा मागून येतो. उजवा पाय डाव्याचं काम करतोय.

मग तिनं मला पुन्हा मशीन चालवायला लावलं आणि कापडाच्या गठ्ठ्यांमधल्या हातभर जागेत नाचायला लागली. माझा तो लंगडा चौथा ठोकासुद्धा तिनं सोडला नाही. दर चौथ्याला तिचा खांदा असा मागून यायचा, की वाटावं तो तसाच यायला हवा होता. मी मशीन थांबवलं तरी माझ्या डोळ्यांपुढं ते चालूच होतं.

पुढं बारामतीच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून, फिल्म उजेडाला धरून तेच सांगितलं. तिनं नुसतं पायरीवरून ऐकलं होतं.

*

सिनेमात मागं नाचायला रेश्माच्याच क्लासमधली पोरं घेतली होती, आणि पहिल्याच सरावात मी शिवलेल्या सात पँटी फाटल्या. सगळ्या एकाच जागी! मला फार लागलं ते. माझी शिवण कधी उसवत नाही. मी रेश्माला चार शब्द सुनावले की तुझी पोरं कपडे घालतात का फाडतात.

दुसऱ्या दिवशी ती मला बारामतीला तिच्या क्लासवर घेऊन गेली आणि हॉलमध्ये खुर्ची देऊन बसवलं. ओंकार नावाचा एक मुलगा होता, गॅरेजमध्ये काम करणारा. तो आधी हातांवर गेला, मग डोक्यावर, आणि पाय फाकवून भोवऱ्यासारखा फिरायला लागला. मी गिरक्या मोजत होते. अकरापर्यंत मोजल्या, मग मोजणं सुटलं. थांबला तेव्हा तो हसत होता आणि घाम मला फुटला होता.

पंचवीस वर्षं मी माणसांना सरळ उभं करून मापं घेत आले होते. त्या दिवशी मी ओंकारला म्हटलं, बाबा रे, तू उलटा हो, मी माप घेते.

प्रत्येक पँटीला दोन्ही पायांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा घातला. त्यानंतर एकही फाटली नाही. शेजारच्या किसनआबांनी ते बघितलं आणि स्वतःचा पायजमा घेऊन आले. त्यांना तसाच तुकडा हवा होता. म्हणाले, "मी काय नाचणार न्हाय. पर सायकलीवर टांग टाकायला बरं पडंल."

*

अन्विता मेहनती होती, पण एका जागी अडायची. नाचात एके ठिकाणी सगळं अंग सोडून एकदम खाली यायचं होतं, गुडघे टेकतात न टेकतात तोच वर उठायचं होतं. ती खाली येताना आधी हात पुढं करायची. भीती वाटायची तिला. चार दिवस झाले, जमेना. दिग्दर्शक निखिल सर म्हणाले की तेवढा भाग काढून टाकू.

रेश्मानं एक सकाळ मागून घेतली आणि तिला पळसदेवला नेलं. गुडघ्याला बांधायच्या गाद्या माझ्याकडं होत्या, म्हणून मीही गेले. धरणाचं पाणी उतरलं होतं, एरवी बुडालेल्या देवळाचं शिखर वर आलं होतं, आणि अलीकडं गावातले मासेमार साहेबरावतात्या होडीत उभे राहून जाळं फेकत होते. रेश्मानं अन्विताला त्यांच्या होडीत बसवलं आणि आपण काठावर थांबली.

अन्विता तात्यांच्या हातांकडं बघत होती. जाळं हवेत उघडायचं, भाकरीसारखं गोल, आणि पाण्यावर बसायचं. तिनं विचारलं की हात नक्की कसा फिरवायचा. तात्या म्हणाले, "हातानं न्हाय फेकत, बाई. जाळं पायानं फेकत्यात. हात निस्तं सोडून देत्यात."

मग त्यांनी जाळं तिच्या खांद्यावर दिलं. पहिल्यांदा जाळ्याचा नुसता गोळा पडला. दुसऱ्यांदा ती स्वतःच पडता पडता राहिली. कितव्यांदा तरी तिनं सगळं सोडून दिलं आणि जाळं उघडलं. पुरतं गोल नाही, पण उघडलं.

काठावर येऊन ती ओल्या मातीत उभी राहिली आणि कुणी न सांगता खाली गेली. हात कुठंच आले नाहीत. गेली कधी आणि उठली कधी, कळलं नाही. गाद्या माझ्या हातातच राहिल्या.

तात्या तिकडं बघत जाळं झटकत होते. म्हणाले, "आता घावंल मासा."

*

मार्केट यार्डातला किस्सा मी सांगते तेव्हा निम्मी माणसं विश्वास ठेवत नाहीत. पण मी तिथं होते.

सुट्टीचा दिवस होता. लिलावाच्या शेडमध्ये तीस जणांचा नाच लावला होता, आणि नाच मधे न थांबवता एका दमात घ्यायचा होता. गाणं लॅपटॉपवरून दोन मोठ्या स्पीकरना जोडलेलं. यार्डातले हमाल पोत्यांवर बसून बघत होते. नाच सुरू झाला, रंगात आला, आणि जनरेटर बंद पडला.

गाणं गेलं. मला वाटलं, संपलं आता. पण रेश्मा समोर उभी होती, ओठांतल्या ओठांत एक ते आठ काउंट मोजत होती आणि तिची मान हलत होती. तेवढ्यावर तीसच्या तीस जण नाचत राहिले. पत्र्याखाली नुसते पाय वाजत होते. साठ पाय, आणि आवाज एकाचा. एरवी जरा आवाज झाला की आढ्यावरची कबुतरं उडायची, ती उडाली नाहीत. निखिल सर कट म्हणायचं विसरले.

मिनिटभर असं चाललं असेल. मग जनरेटर सुरू झाला. लॅपटॉप बॅटरीवर होता, म्हणजे गाणं आत पुढं पुढं जातच होतं, ते फक्त कुणाला ऐकू येत नव्हतं. स्पीकर एकदम वाजले, आणि ज्या ठोक्यावर गाणं होतं त्याच ठोक्यावर ते तीस जण होते. केसाचाही फरक नाही. साउंडवाल्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

मी शेजारच्या म्हाताऱ्या हमालाला म्हटलं, बघितलंत का? त्याला त्यात नवल वाटलं नव्हतं. म्हणाला, "पोतं उचलल्यावर मदीच थांबायचं नसतंय. थांबलं की वझं कळतं."

*

मास्टरजींच्या तारखा लांबतच गेल्या. शेवटचा मोठा नाच तोंडावर आला, तेव्हा निखिल सर रेश्माला म्हणाले की तात्पुरता तू बसव, ते आल्यावर बदलतील. तिनं बसवला. 'तात्पुरता' हा शब्द पोरांना इतका झोंबला की त्यांनी दुप्पट सराव केला.

मास्टरजी आले ते शूटिंगच्या आदल्या दिवशी. पांढरे बूट, सोबत दोन असिस्टंट. म्हणाले, दाखवा काय आहे ते. रेश्मा भिंतीला टेकून उभी राहिली.

नाच झाला. मास्टरजी म्हणाले, पुन्हा. पुन्हा झाला. म्हणाले, आणखी एकदा, आणि या वेळी ते बाजूनं फिरून, खाली बसून बघत होते. तिसऱ्यांदा संपल्यावर सगळ्यांना वाटलं, आता नाच मोडणार.

मास्टरजी खुर्चीवर बसले आणि बुटांच्या नाड्या घट्ट बांधायला लागले. मग रेश्माला म्हणाले, "मला मागच्या ओळीत उभं कर. मधला तुकडा माझ्या लक्षात येत नाहीये."

आणि उभे राहिले. दोन तास!

*

शेवटचा नाच बारामतीच्या एका सभागृहात होता. सीन असा की मुलगी स्टेजवर नाचते, वडील तिसऱ्या रांगेत बसलेले असतात, आणि सगळे गुडघ्यांवर येतात त्या क्षणी ते उठून, पाठ फिरवून निघून जातात. वडिलांचं काम करणारे नट ऐनवेळी आजारी पडले. प्रेक्षक म्हणून आजूबाजूच्या गावांतून बसनं माणसं आणली होती. त्यांच्यातून निखिल सरांनी एक चेहरा उचलला. उंच, काळेसावळे, मिशा पांढऱ्या झालेल्या, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्यांना बोलायचं काहीच नव्हतं, फक्त उठून जायचं होतं.

त्यांना कपडे द्यायला मी नेलं, तेव्हा कळलं. ते रेश्माचे वडील, पोपटराव. साखर कारखान्यात फिटर. ते येणार हे रेश्मालाही ठाऊक नव्हतं, पळसदेवची बस आली तशी तेही बसून आले होते. मी सरांना सांगायला निघाले, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, सांगू नका, काम करतो की मी.

मी त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट दिला आणि ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

स्टेजवर अन्विता पुढं होती आणि तिच्या मागं, डाव्या हाताला, रेश्मा. नाच सुरू झाला. सगळे गुडघ्यांवर आले. पोपटराव उठले नाहीत. दोन्ही तळहात मांड्यांवर ठेवून बसून राहिले. ते अन्विताकडं बघतच नव्हते.

सरांनी येऊन समजावलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्यांदा नाच झाला, पुन्हा बसून राहिले. तिसऱ्यांदाही तेच. मागून कुणीतरी हसलं. सरांचा आवाज चढायला लागला, तेव्हा रेश्मा स्टेजवरून खाली उतरली. घामानं निथळत होती. त्यांच्यापुढं उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, खोटं उठायचंय. सिनेमा हाय ह्यो."

पोपटरावांनी तिच्याकडं बघितलं.

"एकदा खरं उठलो व्हतो, बाळ," ते म्हणाले. "आता खोटं बी उठवत न्हाय."

निखिल सरांनी हातातल्या कागदांतलं, वडील उठून जातात ते पान बाजूला काढलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि कॅमेऱ्यामागं जाऊन म्हणाले, "त्यांना बसू दे. रेश्मा, काउंट दे."