बंदी झालेला बुलबुल

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, एम.एस्सी. झाल्यावर, मी घोटीच्या पश्चिमेला डोंगरातल्या रानात पक्ष्यांच्या पायात वाळे घालत होतो. केसासारखी बारीक जाळी झाडांमध्ये ताणायची, अडकलेला पक्षी सोडवायचा, वजन करायचं, पोटावरची पिसं फुंकून पाहायची आणि नंबर कोरलेला अ‍ॅल्युमिनियमचा वाळा पायात घालून उडवून द्यायचा. तोच पक्षी पुन्हा जाळ्यात आला, तरच तो इथेच राहतो की नाही ते कळणार. माझी पीएच.डी. या 'पुन्हा'वर उभी होती.

मदतीला वाडीतला एक चाळिशीचा शेतकरी रोजाने ठेवला होता. डोंगरातल्या रिवाजाप्रमाणे तो सगळ्यांना 'तू' म्हणायचा, मलाही. आमच्या कामाला मी 'बँडिंग' म्हणायचो, तो 'बंदी'. जीभ वळत नसेल म्हणून मी सोडून दिलं. वाडीतले बाकीचे मला पाहिलं की दारं लावून घ्यायचे. मला वाटायचं, अडाणी माणसं, चालायचंच.

खालची जाळी मी बघायचो, ओहोळावरची तो. महिन्याभरात माझ्या जाळ्यात वाळेवाले बुलबुल आणि चष्मेवाला नावाची चिमुकली पाखरं बऱ्याचदा पुन्हा आली. त्याच्या जाळ्यात एकही नाही. तो आणायचा ते सगळे कोरे, पहिल्यांदाच सापडलेले. विचारलं तर म्हणायचा, "नवाच गावला."

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्या भागात गलोलीने पाखरं मारून खातात, हे मला ठाऊक होतं. हा वाळेवाले चुलीत घालतो आणि नंबर ओहोळात फेकतो, असं मी ठरवूनच टाकलं. त्याच्या झोपडीमागे पिसं दिसली. कोंबडीचीही असतील, पण संशय एकदा घरात शिरला की तोच मालक होऊन बसतो. त्याने हात धुतले तरी मी वास घ्यायचो.

खरं तर हे मला शोभत नव्हतं. आमच्या बौद्ध कॉलनीतून इतकं शिकलेला मी पहिलाच. कॉलेजात प्रयोगशाळेतलं काही हरवलं की नजरा आधी माझ्याकडे वळायच्या. त्या नजरा मी विसरलो नव्हतो. तरीही फॉरेस्टच्या गार्डला सांगितलं.

गार्डने झोपडीची झडती घेतली. काठीने मडकी उलटी केली, नागलीचं पीठ जमिनीवर सांडलं. त्याची बायको दोन्ही पोरींना धरून बाहेर उभी. ना एक वाळा सापडला, ना रानपाखराचं पीस. तो मान खाली घालून म्हणाला, "झालं का?" मला लाज वाटली, पण संशय गेला नाही. लपवलं असेल कुठेतरी, असंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा कामावर आला. मी मागोमाग गेलो आणि कारवीच्या झुडपांआड बसून राहिलो. जाळ्यात बुलबुल होता. त्याने माझ्यापेक्षा हळुवार हाताने एकेक दोरा सोडवला, पायातला वाळा पाहिला आणि मूठ उघडली. पक्षी उडून गेला.

मी पुढे झालो. "दादा, का सोडलात तो?"

तो दचकला नाही. "त्याची झालेली होती ना, सायेब."

"काय झालेली?"

"बंदी. तूच रोज बोलतो. फुंकून बघतो, नर का मादी. मग पायात घालतो." जाळी सारखी करत तो पुढे म्हणाला, "मला दोनदा धरला. घोटीच्या बाजारातून गाडीत घातला. बोललो, माझी झाली, कागद घरी हाय. कोणी आयकलं नाय. डाक्टरनी बघितला तवा सोडला. ह्याचा तं कागद पायातच हाय. ह्याला पुन्हा कशाला धरायचा?"

नसबंदीच्या गाड्या गावोगाव फिरल्या त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. वाडीची दारं का लागायची, ते तिथे कारवीत उभं असताना मला कळलं. मी बँडिंग म्हणजे काय ते पुन्हा नीट समजावलं आणि झडतीबद्दल माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. त्या दिवसापासून तो वाळेवाले पक्षी आणू लागला आणि माझा अभ्यास मार्गी लागला.

पण रोज काम संपलं की तो माझ्यासमोर यायचा, सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचा आणि मगच घरी जायचा. मोसम संपेपर्यंत एक दिवस चुकला नाही. मी "राहू द्या, दादा" म्हणायचो. आणि खरं सांगतो, म्हणता म्हणता खिशांकडे बघायचोही.