सुनंदाचं उत्तर मी दिलं

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. एरवी बोलायला बसले की माझं आंब्याचंच सुरू होतं – मोहोर, तुडतुडे, मुंबईची गिऱ्हाइकं. आज ते नको.

रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. सुनंदा फवारणीच्या कामाला येते, मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. पुरुष पंप मारतात. पिंपात औषध ढवळायचं काम तिचं. काठी असते – पण हात कोपरापर्यंत भिजतोच. हातमोजे? ते दरवर्षी आणायचे ठरतात.

एकदा पिंपाशीच ती हळूच म्हणाली, "वयनी, खोकला आला तरी लुगडा भिजता ओ. कोनाला सांगू नका हां."

नाही सांगितलं. इतकी मी विश्वासाची!

मग अभ्यास करणाऱ्या दोन मुली गावात आल्या. हे औषध किड्यांच्या नसांवर चालतं. माणसाच्या लघवीच्या पिशवीच्या नसांनाही ते बाधतं का, हे त्यांना बघायचं होतं. बायका लाजतात, म्हणून त्यांनी मलाच सोबत बसवलं, आमच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. सुनंदाला त्यांनी विचारलं – लघवी रोखता येते का? तिनं माझ्याकडे बघितलं. मी धीर द्यावा म्हणून, दुसरं काय?

आणि मी हसून म्हटलं, "अहो, ही दिवसभर पाणीच पीत नाही! बागेत आडोसा कुठंय?"

सगळ्या हसल्या. सुनंदाही हसली. मुलींनी तेच लिहून घेतलं आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

खोटं होतं का ते? आडोसा नव्हताच – तोही आम्हीच बांधला नव्हता. पण मला भीती होती ती आंब्याची. औषधाचा बभ्रा झाला तर आमच्या पेट्या कोण घेणार? झाकली मूठ बरी, एवढाच विचार. नंतर मी तिला उष्णतेवर म्हणून धण्याचं पाणी करून द्यायला लागले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! लाज वाटते मला त्या पाण्याची.

सुनंदा आता एसटीत बसत नाही. लेक आंजर्ल्याला दिली आहे. नातीच्या बारशालाही ती गेली नाही. औषध मात्र अजून तीच ढवळते.

परवा एक नवी मुलगी कामाला आली. सुनंदा तिला समजावत होती, "पानी पीत जा गो बाय. मी नाय प्यायले, म्हनून माजा असा झाला."

मी तिथंच उभी होते.