आत्याच्या चाकांपुढची पाणकोंबडी

"माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको," असं म्हणत आत्या दोन वर्षं कुठेच आली नव्हती. या पाणथळीत चाकाची खुर्ची जाईल अशी लाकडी वाट केल्याचं कळलं, तेव्हा मी तिला हट्टानेच घेऊन आलो.

वाट थेट पाणकणसांच्या उंच गवतात शिरत होती. मी खुर्ची ढकलत दहा पावलं गेलो असेन, तोच समोरची सगळी बदकं उडाली. मागून तिथले रखवालदार हळूच म्हणाले, "दादा, तुम्ही इथंच थांबा. पाखरं पावलांना बिचकतात, चाकांना न्हाई. आजींना एकट्यांना जाऊ द्या."

आत्या स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत पुढे गेली आणि थांबली. बदकं परत पाण्यावर उतरली. मग एक जांभळी पाणकोंबडी फळीवर चढली आणि लांबलचक बोटं सावकाश उचलत तिच्या चाकांपुढून पलीकडे गेली. तिने आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ज्या पायांच्या जोरावर मी जन्मभर कुठंही जात आलो, त्याच पायांनी मला इथे जणू दाराशी थांबवलं होतं. आणि आत्या आत होती, पाखरांतलीच एक असल्यासारखी.

न राहवून मी चपला काढल्या आणि एक पाऊल टाकलं. फळी करकरली. आत्याने मागे न बघताच हात वर केला.

"तिथंच थांब," ती हलकेच म्हणाली. "माझा खोळंबा करू नकोस."