सिमकाका

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या सिमकाकांच्या खिशाला कायम एक टाचणी खोचलेली असे. मोबाइलमधलं सिम उकरून काढायला. लातूरला त्यांच्या घरी आम्ही तीन मुली बारावीच्या आणि मेडिकलच्या क्लाससाठी राहायचो: हदगावची सुनंदा, भोकरची रेखा आणि मुखेडची मी. 'सिमकाका' हे नाव आम्हीच पाडलं होतं आणि त्यांना ते आवडायचं.

मोबाइल त्यांच्या मुलानं अमेरिकेहून आणलेला. इथलं सिम घातलं की तो नुसता नकार देई. दुकानदारानं सांगितलं की फोन लॉक आहे, तिकडच्या कंपनीशिवाय दुसरं सिम घेणार नाही. काकांना हे अपमानास्पद वाटलं. "फोन आपल्या पोराचा, अन् हुकूम कंपनीचा?" असं गल्लीत ज्याला त्याला विचारत ते बरेच दिवस फिरले. शेवटी नांदेडला कुणीतरी लॉक काढून देतो असं कळताच एसटीनं गेले आणि कोर्टात दावा जिंकल्यासारखे परत आले. "आता ह्यो कुणाचंबी सिम घेतो," त्यांनी जाहीर केलं.

मग त्यांनी खरंच कुणाकुणाची सिमं घेतली. आमच्या तिघींच्या वडिलांकडे तीन वेगळ्या कंपन्यांचे फोन होते आणि एकाच कंपनीत बोलणं तेव्हा फुकट असे. म्हणून काकांकडे ज्याच्या त्याच्या कंपनीचं एकेक, हदगावचं, भोकरचं आणि मुखेडचं अशी तीन सिमं सुपारीच्या डबीत नांदत. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून ते एकेक सिम बदलत आणि एकेका वडिलांना खुशाली कळवत. आधी ते बोलत, मग आम्ही. पोरीनं ताटात भाजी टाकली, पोरगी शिंकली, सगळं तिकडे पोचायचं.

काकू एकदा या खुशालीमागचं कारण बोलल्या. भूकंप झाला तेव्हा काका नोकरीला नांदेडला होते आणि त्यांची बहीण किल्लारीच्या बाजूला. फोन लागत नव्हते. स्टँडवर उभे राहून ते उतरणाऱ्या प्रत्येकाला तिच्या गावाचं विचारत होते. बहीण गेल्याचं त्यांना फार उशिरा कळलं. त्यानंतर आम्ही त्यांच्या खुशालीला हसणं कमी केलं. बंद मात्र झालं नाही.

कारण काका प्रत्येक सिमवर नंबर 'वडील' याच नावानं ठेवत. नाव का घालत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "एका सिमवर एकच बाप हाय. नाव कशाला?"

दिवाळीनंतर माझे मार्क घसरले. मला डॉक्टर व्हायचं नाही, घरी जायचंय, असं म्हणत मी काकूंपाशी रडले. काकांनी ते ऐकलं आणि गच्चीवर जाऊन 'वडील' लावला. तुमच्या लेकीला डॉक्टर व्हायचं न्हाई, रागावू नका, येऊन भेटा, एवढं सांगून फोन ठेवला. फोनमध्ये सिम हदगावचं होतं.

दुसऱ्या दिवशी सुनंदाचे वडील दारात उभे. सुनंदा आमच्या क्लासमध्ये पहिली यायची. त्यांनी चपलाही न काढता विचारलं, "काका म्हणाले ते खरं हाय का? तुला डॉक्टर व्हायचं न्हाई?"

काल फोनमध्ये कुणाचं सिम होतं ते काकांच्या लक्षात आलं. चूक झाली, असं सांगायला ते पुढे सरसावले. तेवढ्यात सुनंदा खाली बसली आणि पदरासारखी ओढणी तोंडाला लावून म्हणाली, "हाव बाबा."

तिला मराठी शिकवायचं होतं. हे ती कुणालाच, अगदी शेजारच्या कॉटवरच्या मलाही, कधी बोलली नव्हती.

तिचे वडील निघाले तेव्हा काकांनी त्यांना सगळं खरं सांगितलं आणि हात जोडले. ते म्हणाले, "चुकलात ते बरं झालं. आमच्या घरात हिला हे विचारायचं कुणाला सुचलंच नसतं."

मग काकांनी टाचणी काढली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, मुखेडला लावू का? मी स्वतःच बोलले. वडिलांनी आठवडाभर घरी बोलावून घेतलं. परत मात्र मी माझ्या मनानं आले. आता नांदेडला माझा दवाखाना आहे. सुनंदा हदगावला शिकवते.

काका गेले त्याला काही वर्षं झाली. माझी मुलगी यंदा बारावीला आहे. परवा तिचं पुस्तक बाजूला ठेवून मी विचारलं, तुला खरंच डॉक्टर व्हायचंय का? ती माझ्याकडे वळली. मी तिच्याजवळ बसून राहिले.